कातळाची चकाकी आणि चौथा आकडा

पावसाळ्यात पनवेलजवळच्या कर्नाळा किल्ल्यावर गेलात, तर अंगठ्यासारखा उभा असलेला बेसाल्टचा सुळका नीट पाहा. सर थांबून ऊन पडले की ओल्या कातळाचा एखादा भाग लखलखतो. चार पावले बाजूला सरका. तोच भाग काळाकुट्ट दिसेल आणि चकाकी दुसरीकडे गेलेली असेल. कातळ हलला नाही, सूर्यही तेथेच आहे. हलला तो तुमचा डोळा!

कोरडा कातळ खडबडीत असतो. त्यावर पडलेला प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, म्हणून तो कोठूनही जवळजवळ सारखाच दिसतो. ओल्या कातळावर पाण्याचा गुळगुळीत थर असतो. तो काही प्रकाश आरशाप्रमाणे एकाच दिशेने परावर्तित करतो. थरात शिरलेल्या प्रकाशापैकी काही पुन्हा पुन्हा आत परततो आणि कातळात शोषला जातो. म्हणून इतर दिशांनी ओला कातळ अधिक काळा दिसतो.

आता हाच कातळ संगणकावरील खेळात दाखवायचा आहे. खेळातील वस्तूंवर चित्रे चिकटवलेली असतात. चित्रातील प्रत्येक बिंदूसाठी तांबडा, हिरवा आणि निळा असे ० ते २५५ मधील तीन आकडे असतात. चकाकीसाठी चित्रातच पांढरा ठिपका रंगवला तर? खेळाडू कोठेही गेला तरी ठिपका तेथेच राहील आणि कातळ ओला न दिसता चुना फासल्यासारखा दिसेल. चकाकी रंगवता येत नाही. ती कोठे किती असावी, एवढेच सांगून ठेवता येते.

त्यासाठी चौथा आकडा उपयोगी पडतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एड कॅटमुल आणि अल्वी रे स्मिथ यांनी त्याला ‘अल्फा’ हे नाव दिले. मूळ काम एका चित्रावर दुसरे ठेवताना बिंदू किती पारदर्शक असावा, हे सांगण्याचे. पण भिंतीचे किंवा कातळाचे चित्र पारदर्शक असण्याची गरजच नसते. मग ती रिकामी जागा चकाकीचे प्रमाण लिहिण्यास वापरतात. चकाकीची दिशा संगणक स्वतः मोजतो. बुई तुओंग फोंग यांनी १९७५ मध्ये त्यासाठी एक सोपे सूत्र दिले होते.

समजा, कोरड्या कातळाचा विखुरलेला प्रकाश ६० आणि त्या क्षणीची पूर्ण चकाकी १५०. चित्र-संपादनात अपारदर्शकता २० टक्के ठेवली, तर अल्फा ५१ होतो. ५१ ÷ २५५ = ०.२, म्हणून एकूण ६० + (१५० × ०.२) = ९०. ओल्या भागाचा रंग गडद करून ४० आणि अल्फा २०४ ठेवला, तर ४० + (१५० × ०.८) = १६०. खेळाडू बाजूला सरकला की चकाकी शून्य होते; उरतात ६० आणि ४०. म्हणजे ओला भाग आधी जास्त उजळ आणि नंतर जास्त काळा. कर्नाळ्यावर हेच दिसले होते!

एक सावधगिरी. अल्फा म्हणजे चकाकी, हा निसर्गनियम नव्हे. तो चित्रकार आणि खेळ यांच्यातील करार आहे. काही खेळांत हा करार नेमका उलटा असतो, तर काही संपादन-प्रणाली पूर्ण पारदर्शक बिंदूंचा रंगच पुसून टाकतात. म्हणून आधी करार विचारावा, मग आकडा बदलावा.

घरी एक काळा दगड अर्धा भिजवा, त्यावर विजेरीचा प्रकाश टाका आणि डोके हळूहळू हलवा. कोणत्या अर्ध्या भागाला मोठा अल्फा द्याल?