दहा सेंटिमीटरची शेपटी

रविवारी सकाळी खारघरच्या सेंट्रल पार्कजवळ गेलात तर सायकली मोजता मोजता दमाल. वरच्या पुलावरून मेट्रो सरकत असते आणि खाली रुंद रस्त्यावर पोरं हात सोडून सायकल चालवायचा सराव करत असतात. तिथेच एकदा एक मोटारसायकल येऊन थांबली आणि सगळा घोळका तिच्याभोवती गोळा झाला. तिचा पुढचा चिमटा लांबच लांब आणि चांगलाच तिरका होता. पुढचं चाक जणू गाडीच्या आधीच घरून निघालं होतं! एका मुलीनं विचारलं, "काका, चाक एवढं पुढं का पळालंय?"

काका म्हणाले, "छान दिसतं म्हणून." ते खरंच छान दिसत होतं. पण चाक पुढं पळालं की गाडीचा स्वभाव बदलतो, आणि तो का बदलतो हे तुमची सायकलच तुम्हाला दाखवेल.

सायकलीशेजारी उभे राहा. हँडलला हात लावू नका, फक्त सीट धरा आणि चालू लागा. सायकल सरळ चालते ना? आता सीट किंचित डावीकडे कलवा. हँडल आपोआप डावीकडे वळलं! उजवीकडे कलवा, ते उजवीकडे वळेल. आता तीच सायकल सीट धरून मागे ढकला. दोन पावलांत हँडल गर्रकन फिरेल. चाक तेच, रस्ता तोच. मग पुढं जाताना शहाणं असलेलं चाक मागं जाताना असं का बिथरतं?

नीट बघा, सायकलचा चिमटा सरळ उभा नसतो. हँडलचा दांडा चासीच्या ज्या नळीत फिरतो ती नळीच तिरकी असते. त्या नळीतून एक लांब सरळ काठी खाली घातली आहे अशी कल्पना करा. ती काठी जमिनीला कुठं टेकेल? आणि टायर जमिनीला कुठं टेकतो? बहुतेकांना वाटतं टायरच पुढं असणार. पण पुढं टेकते काठी! टायरची जागा तिच्या मागं काही सेंटिमीटरवर असते. या अंतराला इंजिनिअर 'ट्रेल' म्हणतात. मी त्याला शेपटी म्हणतो, कारण चाक तिथं शेपटीसारखं मागं मागं येत असतं.

मोठ्या दुकानातल्या ट्रॉलीची छोटी चाकं आठवा. ट्रॉली ढकलली की ती वळून आपल्या दांड्याच्या मागं जातात आणि तिथंच राहतात. ओढलेली वस्तू ओढणाऱ्याच्या मागं सरळ रेषेत येते. सायकलचं पुढचं चाकही असंच ओढलं जातं. रस्त्यातल्या खड्यानं ते जरा वाकडं झालं तरी रस्ताच त्याला पुन्हा ओळीत आणतो. मागं ढकललं की शेपटी पुढं होते, आणि चाक धडपडत आपली मागची जागा शोधू लागतं. म्हणून ती गिरकी.

कलल्यावर हँडल वळतं त्याचाही फायदा आहे. तळहातावर काठी उभी धरताना ती ज्या बाजूला पडू लागते तिकडेच तुम्ही हात नेता ना? सायकल तेच करते. पडायच्या बाजूला चाक वळवते आणि चाकं पुन्हा आपल्या वजनाखाली आणते.

आता आकडे. पुण्याजवळच्या चाकणला बजाजच्या कारखान्यात केटीएमच्या दोन मोटारसायकली तयार झाल्या, 390 ड्यूक आणि आरसी 390. सुरुवातीच्या मॉडेलांत दोघींचं इंजिन एकच होतं. पण ड्यूकचा चिमटा उभ्या रेषेपासून 25 अंश तिरका होता आणि शेपटी 100 मिलिमीटर, म्हणजे बरोबर 10 सेंटिमीटर. आरसी शर्यतीच्या गाडीसारखी हवी होती, म्हणून तिचा चिमटा दीड अंश उभा केला, तिरकेपणा 23.5 अंशांवर आणला. शेपटी झाली 88 मिलिमीटर. दीड अंश म्हणजे घड्याळाचा मिनिटकाटा पंधरा सेकंदांत जेवढा सरकतो तेवढा! एवढ्याशा फरकानंही आरसी वळणावर चटकन झुकू लागते. मला ही गोष्ट फार आवडते. इंजिनाचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो, पण गाडीचा स्वभाव या न दिसणाऱ्या बारा मिलिमीटरमध्येही लपलेला असतो.

आणि ही शेपटी चालता चालता लांब-आखूड होते. पुढचा ब्रेक दाबला की चिमट्यातल्या स्प्रिंगा दबतात, गाडी नाक खाली घालते, चिमटा उभा होतो आणि शेपटी आखडते. मागं दोन पाहुणे आणि तांदळाचं पोतं बसवलं की मागची बाजू खाली जाते, शेपटी लांबते आणि हँडल हातात वेगळंच लागतं.

तर मग त्या लांब चिमट्याच्या गाडीचं काय? अशा गाड्यांना 'चॉपर' म्हणतात. मुंबईचे अक्षय वर्दे अशा गाड्या बनवण्यासाठी ओळखले जातात. त्यांच्या कंपनीचं नाव 'वर्देंची'. कुणाची गाडी? वर्देंची! एवढं साधं आणि मराठी नाव मला तरी दुसऱ्या मोटारसायकलवर दिसलेलं नाही.

चॉपरचं गणित आपणच करू. चाकाची त्रिज्या 32 सेंटिमीटर धरा आणि चाकाचा आस नळीच्या रेषेपासून 5 सेंटिमीटर पुढं बसवलेला. चिमटा 25 अंश तिरका असेल तर शेपटी साधारण साडेनऊ सेंटिमीटर येते. तोच 40 अंश केला तर ती 20 सेंटिमीटरच्या वर जाते, म्हणजे दुपटीहून जास्त! सायन-पनवेल महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर अशी गाडी आगगाडीसारखी आपली दिशा धरून ठेवते. पण खोपोलीवरून जुन्या रस्त्यानं बोरघाट चढायला घ्या, शिंग्रोबाच्या देवळाच्या आसपासच्या वळणांवर हात भरून येतील. हळू चालताना तर तिचं हँडल एका बाजूला पडायला बघतं.

यावर कारागिरांनी उपाय काढला. चिमट्याच्या दोन नळ्यांना धरून ठेवणारा जो भाग असतो, ज्याला गॅरेजमध्ये 'टी' म्हणतात, तोच आणखी थोडा तिरका बनवायचा. त्यानं चाक अजून पुढं जातं, टायर टेकण्याची जागा काठीच्या टोकाजवळ येते आणि शेपटी आखूड होते. इथं हिशोब चुकला तर मात्र शेपटी उरतच नाही आणि वेगात हँडल थरथरू लागतं. म्हणून हे काम अंदाजानं करायचं नसतं. आपल्याकडे कायदाही कडक आहे. कंपनीनं मंजूर करून घेतलेली गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये स्पष्ट केलं. कुणाचा दादा घरच्या एमएच-46 नंबरच्या गाडीवर असले प्रयोग करायला निघाला असेल तर त्याला आधी हे सांगा.

सायकलवर प्रयोग करणारा एक भन्नाट माणूस मात्र तुम्हाला भेटवायलाच हवा. ब्रिटनचे डेव्हिड जोन्स. त्यांना अशी सायकल बनवायची होती जी कुणालाच चालवता येणार नाही! 1970 मध्ये त्यांनी ही हकिगत लिहिली. फिरत्या चाकाच्या भोवऱ्यासारख्या जोरामुळे सायकल उभी राहते असं म्हणायचे, म्हणून त्यांनी पुढं उलट फिरणारं आणखी एक चाक लावलं. तरी सायकल चालवता आली. मग चिमटा उलटा बसवून शेपटी लांब केली, तर रिकामी सायकल ढकलून दिल्यावर माणसाशिवायच बराच वेळ पळत राहिली. शेवटी चाक चार इंच पुढं नेऊन शेपटी उलटी केली, तेव्हा कुठं ती चालवणं कठीण झालं.

म्हणजे सगळी जादू शेपटीची? मलाही तसंच वाटायचं. पण 2011 मध्ये नेदरलँड आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी एक अजब सायकल बनवली. भोवऱ्याचा जोर रद्द केलेला, आणि शेपटीही 4 मिलिमीटर उलटी. ढकलली, तर तीही स्वतःला सावरत गेली! पुढच्या भागाचं वजन त्यांनी अशा जागी ठेवलं होतं की कलताना तो भाग आधी पडायला लागे आणि चाक योग्य बाजूला वळे. वजन कुठं आहे, यालाही शेपटीइतकंच महत्त्व निघालं.

आता तुमची शेपटी मोजायची का? सोसायटीच्या पार्किंगमध्ये सायकल अगदी सरळ उभी करा, कुणाला तरी धरायला सांगा. हँडलच्या नळीला समांतर, तिच्याच रेषेत एक लांब काठी लावून जमिनीला टेकवा आणि तिथं खडूनं खूण करा. मग पुढच्या चाकाच्या मधोमधून दोऱ्याला बांधलेली चावी सोडा. ती जिथं लोंबेल तिथं दुसरी खूण. मधलं अंतर बहुतेक पाच-सहा सेंटिमीटर भरेल. त्याच खुणांशेजारी आजोबांची काळी सायकल उभी करा, मग आईची स्कूटर, आणि प्रत्येकीपुढं तिचा आकडा लिहून ठेवा. फरशी पुसायला येणाऱ्या मावशींना मात्र आधी सांगा, नाहीतर संध्याकाळपर्यंत सगळ्या शेपट्या गायब.