शिकारीची गोळी व कातडे

शिकारीची गोळी व कातडे : केसाळ कातड्यासाठी म्हणजे फरसाठी प्राणी मारताना कातड्यास कमीत कमी इजा व्हावी, यासाठी रायफलीच्या गोळीची करावी लागणारी निवड. या विषयाचा विचार मुख्यत्वे उत्तर अमेरिकेत कोयोट (कॅनिस लॅट्रान्स) या कोल्ह्यासारख्या प्राण्याच्या शिकारीच्या संदर्भात झालेला आहे. हिवाळ्यात या प्राण्याच्या अंगावर लांब राठ केसांखाली मऊ लोकरीचा दाट थर येतो आणि त्याच वेळी त्याच्या कातड्यास चांगली किंमत मिळते. लहान भोक आतून शिवता येते. परंतु तळहाताएवढे भगदाड पडल्यास कातड्याची प्रत उतरते. भारतात अशा शिकारीस कायद्याने बंदी आहे. तथापि गोळीने कातड्यावर काय परिणाम होतो, याचे ज्ञान मृत वन्य प्राण्याच्या तपासणीत आजही उपयोगी पडते.

जखमेचे स्वरूप : गोळी आत शिरते तेथे पडणारे भोक सामान्यतः गोळीच्या व्यासाएवढे किंवा कातडे लवचिक असल्याने त्याहून किंचित लहान असते व ते केसांत झाकून जाते. खरे नुकसान गोळी बाहेर पडते त्या बाजूस होते. शरीरातून जाताना गोळी चपटी होते, कलंडते किंवा फुटते. तिच्याबरोबर हाडांचे तुकडेही बाहेर फेकले जातात. म्हणून निवडीचा मुख्य प्रश्न गोळी किती जाड असावी हा नसून ती आपली ऊर्जा कोठे व कशी खर्च करते हा आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ‘·२२ हॉर्नेट’ व ‘·२२–२५०’ या काडतुसांतील गोळ्यांचा व्यास सारखाच, सु. ५·७ मिमी. असतो, परंतु पहिलीतील सु. २·९ ग्रॅ. वजनाची गोळी नळीतून सेकंदास सु. ८२० मी. वेगाने सुटते, तर दुसरीतील सु. ३·६ ग्रॅ. वजनाची गोळी सु. १,१२० मी. वेगाने सुटते. त्यामुळे पहिलीची ऊर्जा सु. ९७५ जूल व दुसरीची तिच्या दुपटीहून अधिक भरते. प्रवेशाचे भोक दोन्हींचे सारखे, पण बाहेर पडण्याचे अगदी निराळे असू शकते.

गोळीचे प्रकार : गोळीचा गाभा बहुधा शिशाचा व त्यावरील आवरण तांब्याच्या मिश्रधातूचे असते. आवरणाची जाडी व अग्राची घडण यांवरून तिचे तीन मुख्य प्रकार होतात. (१) पूर्ण आवरणाची गोळी सहसा पसरत नाही व आरपार जाते. दोन्ही भोके लहान राहण्याचा संभव असतो. परंतु प्राणी तत्काळ न मरता जखमी अवस्थेत दूर पळतो. कातडे हाती लागत नाही आणि प्राण्याचे अकारण हाल होतात. शिवाय आरपार गेलेली गोळी पुढे कोणासही लागू शकते. (२) उघड्या शिशाच्या अग्राची जड गोळी हरणासारख्या मोठ्या प्राण्यांसाठी असते. ती पसरत जाऊन दुसऱ्या बाजूने बाहेर पडते व लहान प्राण्याच्या कातड्यास मोठे छिद्र पाडते. (३) पातळ आवरणाची, पोकळ किंवा प्लॅस्टिकच्या अग्राची हलकी गोळी छातीत शिरताच फुटते. तिचे तुकडे आतच राहतात. मृत्यू लवकर येतो व बाहेर पडण्याचे भोक पडतच नाही. फरसाठी हाच प्रकार सामान्यतः पसंत केला जातो. मात्र अतिशय वेगवान व ठिसूळ गोळी खांद्याच्या हाडावर आदळल्यास वरच्यावरच फुटते. तेव्हा जखम उथळ पण रुंद होते, कातडे फाटते आणि प्राणीही मरत नाही.

पसरणाऱ्या गोळ्यांचा युद्धात वापर करण्यास १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने मनाई केली. कलकत्त्याजवळील डमडम येथील कारखान्यावरून अशा गोळ्यांना ‘डमडम’ हे नाव पडले. शिकारीत मात्र लवकर मृत्यू घडवितात म्हणून त्याच श्रेयस्कर मानल्या जातात.

अंतर व नेम : गोळीचा वेग अंतराबरोबर घटतो. पन्नास मीटरांवर आतच फुटणारी गोळी अडीचशे मीटरांवर न फुटता आरपार जाऊ शकते. त्यामुळे जवळच्या अंतरासाठी ‘·२२ हॉर्नेट’सारखे मध्यम वेगाचे काडतूस पुरते, लांबच्या अंतरासाठी ‘·२२३ रेमिंग्टन’ किंवा ‘·२२–२५०’ घेतात. ‘·१७ रेमिंग्टन’ची सु. १·६ ग्रॅ. वजनाची गोळी सेकंदास सु. १,२३० मी. वेगाने सुटते व आतच संपते. परंतु हलकी असल्याने ती वाऱ्याने अधिक ढळते. ‘·२४३ विंचेस्टर’ हे काडतूस लांब पल्ल्यावर खात्रीचे असले, तरी जवळून त्याने कातड्याचे नुकसान होते. प्राणी आडवा उभा असताना खांद्यामागे बरगड्यांत मारलेली गोळी सर्वांत कमी हानी करते. पोटावर किंवा तिरकस लागलेली गोळी उत्तम निवडही व्यर्थ ठरविते.

भंडारा जिल्ह्यातील स्थिती : हलक्या व वेगवान गोळीचा हा विचार धूरविरहित दारूमुळे शक्य झाला. पॉल व्ह्येय या फ्रेंच रसायनज्ञांनी १८८४ मध्ये नायट्रोसेल्युलोजापासून ती तयार केली. भंडाऱ्याजवळील जवाहरनगर येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या आयुध निर्माणीत स्फोटके व याच जातीची दारू सैन्यासाठी तयार होते. २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या हाती मात्र रायफल क्वचितच आली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. अशी बंदूक थोड्या अंतरावरच उपयोगी पडते व तिच्या छऱ्यांनी कातड्याची चाळण होते. शिवाय उष्ण हवेमुळे येथील कोल्ह्याचे (कॅनिस ऑरियस) केस आखूड व राठ असतात. फर म्हणून त्यास थंड प्रदेशांतील कातड्यांची सर येत नाही. धानाच्या बांध्यांतील उंदीर व खेकडे खाणारा हा प्राणी शेतकऱ्यास एकंदरीत उपकारकच आहे.

वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांमुळे देशातील करमणुकीची व व्यापारी शिकार संपुष्टात आली. कोल्ह्याचा समावेश या अधिनियमाच्या अनुसूचीत असून, त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवण्यासाठी भारताने त्यास ‘साइट्स’ कराराच्या तिसऱ्या परिशिष्टात घातले आहे. भंडारा जिल्ह्यातील कोका अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झाले आणि त्याच वर्षी नवेगाव–नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले.

तपासणीतील उपयोग : कातडे अखंड राखण्याची इच्छा चोरट्या शिकाऱ्यासही असते. म्हणून तो पुष्कळदा बंदूक टाळतो व तारेचा फास, विजेची उघडी तार, लोखंडी सापळा किंवा विष यांचा आश्रय घेतो. यावरून तपासणी करणाऱ्यास दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक, कातडे अखंड आहे एवढ्यावरून मृत्यू नैसर्गिक ठरत नाही. फासाचा वळ मानेवर किंवा पोटाभोवती उमटतो. विजेचा डाग पंजावर किंवा तोंडाशी असतो व केस करपलेले दिसतात. विषाची चिन्हे तर कातड्यावर मुळीच नसतात, त्यासाठी पोटातील द्रव्ये प्रयोगशाळेकडे पाठवावी लागतात. दुसरी, बाहेर पडण्याचे भोक नाही म्हणून गोळी लागलीच नाही असेही म्हणता येत नाही. फुटणारी गोळी आतच राहते व प्रवेशाचे बारीक भोक केसांत दडते. अशा वेळी कातडे सोलून आतील बाजूस साकळलेले रक्त पाहावे लागते. क्ष-किरण चित्राने किंवा धातुशोधक यंत्राने शिशाच्या कणांचा माग घेता येतो. ज्या गुणामुळे ही गोळी फरच्या शिकाऱ्यास सोयीची वाटते, त्याच गुणामुळे तिचा पुरावा वरवरच्या पाहणीत निसटतो.