क्रीडा-ॲप : आधी हिशेब, मग भांडवल

खेळाडूंसाठी मोबाईल ॲप काढावे, असे अनेक तरुणांच्या मनात येते. या दृष्टीने अमेरिकेतील 'स्ट्राव्हा'चे उदाहरण बोलके आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या नौकानयन संघातील मार्क गेनी व मायकेल होर्वाथ यांना शिक्षणानंतर संघातील सोबतीची उणीव भासली. त्यातूनच २००९ साली स्ट्राव्हा उभे राहिले. सर्व खेळांच्या मागे न लागता त्यांनी प्रथम सायकलस्वारांना हाताशी धरले. साधा वापर मोफत व जादा सोयींना वर्गणी, अशी रचना ठेवली. सभासद कोट्यवधी झाले, गुंतवणूकदारांचे भांडवलही मिळाले; तरीही मे २०२० मध्ये कंपनी अद्याप नफ्यात नाही, असे संस्थापकांनीच जाहीर केले व काही मोफत सोयी वर्गणीदारांपुरत्या ठेवल्या. सभासद वाढणे म्हणजे उत्पन्न वाढणे नव्हे, हाच याचा बोध.

म्हणून आरंभी एकच खेळ व एकच गाव धरावे. सर्व्हरचे भाडे, दुरुस्ती, पगार यांचा वर्षभराचा खर्च कागदावर मांडावा. समजा, महिन्याचा खर्च ६,००० रुपये व वर्गणी ३० रुपये असेल, तर निदान २०० वर्गणीदार हवेत. तितके मिळतील काय, हे मैदानावर जाऊन विचारावे. गुंतवणूकदार धंद्यात हिस्सा मागतो. बँकेचा हप्ता मात्र ॲप चालो वा न चालो, भरावाच लागतो. सबब कर्जाचा अर्ज शेवटी करावा, असे आम्हांस वाटते.