जामखेडची आठवड्याची शाळा

छत्रपती संभाजीनगरहून बीड, पाटोदा करत दक्षिणेकडे उतरलं की जामखेड लागतं. खर्ड्याची लढाई याच तालुक्यातली, अहिल्याबाई होळकरांचं चौंडीही इथलंच. जगभरातले आरोग्य कार्यकर्ते मात्र हा पत्ता विचारत येतात तो डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्पासाठी. या कामाला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरोग्यसेवेचा नमुना म्हणून त्यावर भरपूर लिहिलं गेलं. ज्यांना कुणी कधी पुढारी म्हटलं नसतं अशी माणसं इथे कशी घडली, हा भाग मात्र आजही बारकाईने पाहण्यासारखा आहे.

त्याआधी आरोळे दांपत्य स्वतः कसं घडलं तेही पाहायला हवं. रजनीकांत नगर जिल्ह्यातल्या सुप्याचे, आईवडील दोघंही शिक्षक. मेबल यांचे वडील जबलपूरच्या ख्रिस्ती धर्मशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक. दोघांची भेट वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात झाली. आयडा स्कडर यांनी उभारलेल्या या संस्थेचं ब्रीद येशूच्या शिकवणीतलं: दुसऱ्यांकडून सेवा घेण्यासाठी नाही, सेवा करण्यासाठी यायचं. १९५९ मध्ये पदवी, १९६० मध्ये लग्न, आणि लग्नाच्या वेळीच खेड्यातल्या वंचितांसाठी आयुष्य देण्याचा निश्चय. पुढे वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात त्यांना दिसलं, की बरा होऊन गेलेला रोगी त्याच आजाराने पुन्हा दारात येतो. त्यावरचं उत्तर शोधायला ते अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. तिथे त्यांना डॉ. कार्ल टेलर भेटले. तेही भारतात जन्मलेले, मिशनरी कुटुंबातले.

जामखेडला दवाखाना थाटला तो गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. शिकलेल्या परिचारिका गावात मुक्कामाला राहीनात. तेव्हा गावानेच आपल्यातली एक बाई आरोग्यसेविका म्हणून निवडावी, असं ठरलं. निवडून आलेल्या कितीतरी जणी दलित होत्या, बहुतेकींनी पाटीला हातही लावलेला नव्हता. नाव विचारलं तर त्या गाव सांगत, जात सांगत. स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारणं हाच मेबलबाईंचा पहिला धडा होता.

मग या सेविकांनी दर आठवड्याला जामखेडला यायचं. रात्री मुक्काम, एका पंगतीत जेवण, एकाच खोलीत अंथरुणं. कुणाच्या गावात बाळंतीण अडली, कुणाच्या गावात पोरांना हगवण लागली, कुष्ठरोगाचा चट्टा कुणी लपवला, हे एकमेकींना सांगायचं; त्यातूनच नवा धडा शिकायचा. गाणी रचायची, ती गावात म्हणायची. मीठ-साखरेचं पाणी, गरोदरपणातली तपासणी, बाळाचं वजन हे सगळं या बैठकीतून घरोघरी पोचलं. ही बैठक एखाद्या शिबिरासारखी उरकली नाही, वर्षानुवर्षं चालू राहिली. जामखेडचं खरं सामर्थ्य या चिवटपणात आहे. चूक झाली तर पुढच्या आठवड्यात सांगायला कुणीतरी आहे, या भरवशावर त्या बायका सवर्णांच्या उंबऱ्याशी जाऊन उभ्या राहू लागल्या.

तरुणांसाठी वाट वेगळी होती. रजनीकांत त्यांच्याबरोबर व्हॉलीबॉल खेळत. जाळीच्या दोन्ही बाजूंना सगळ्या जातींची पोरं. खेळ संपला की तिथेच बसून पाण्याच्या, पिकाच्या गप्पा. त्यातून तरुण शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली. पुढे किशोरवयीन मुलींचे गटही आले. दुष्काळाच्या काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी दलित वस्तीतल्या जागा धरल्या. पाणी हवं तर सगळ्या गावाने तिथे यायचं.

या सगळ्यामागे आरोळ्यांची ख्रिस्ती श्रद्धा होती, आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. येशूने कुष्ठरोग्याला हात लावला, तो बहिष्कृतांबरोबर बसून जेवला. हे त्यांनी जामखेडच्या मातीत शब्दशः घेतलं. सेविका मात्र सगळ्या जातिधर्मांच्या होत्या, आणि आपापल्या धर्मातच राहिल्या.

परिणाम मोजलेला आहे. सुरुवातीला प्रकल्पातल्या गावांमध्ये हजार जन्मांमागे सुमारे १७६ बालकं वर्षाच्या आत दगावत. १९९० च्या दशकात तो आकडा २० च्या आसपास आला. १९८८ मध्ये मुक्ताबाई पोळ ही गावातली सेविका वॉशिंग्टनच्या व्यासपीठावरून आरोग्यतज्ज्ञांशी बोलली.

मेबलबाई १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. मुलगी डॉ. शोभा आणि मुलगा रवी यांनी काम पुढे नेलं. संस्थेच्या प्रशिक्षण केंद्रात देशोदेशीचे डॉक्टर येतात, आणि त्यांना शिकवणाऱ्यांमध्ये शाळा न पाहिलेल्या सेविकाही असतात. २००५ मध्ये सरकारने ‘आशा’ योजना आणली, तेव्हा गावातल्याच बाईवर विश्वास टाकण्याची जामखेडची कल्पना देशभर गेली. पण आशाताईंच्या वाट्याला नोंदवह्या आणि उद्दिष्टं जितकी आली, तितकी ती आठवड्याची बैठक आली नाही. शेजारच्या मराठवाड्यातल्या तालुक्यांनी जामखेडकडून आता मागून घ्यावी ती हीच बैठक.