बर्फाखालच्या समुद्राचा माग

गुरूचा उपग्रह युरोपा आपल्या चंद्राहून जरासा लहान आणि बर्फाने पुरता झाकलेला आहे. १९७९ साली व्हॉयेजर यानांनी त्याचे फोटो पाठवले, तेव्हा खड्डे फारसे दिसलेच नाहीत. दिसल्या त्या शेकडो किलोमीटर लांबीच्या भेगा. खाली पाणी असावे, या तर्काला तेव्हा जोर चढला. पण नुसत्या भेगांवरून पाणी सिद्ध होत नाही. खाली उबदार, मऊ बर्फ असला तरी वरचे कवच तडकू शकते. खात्रीचा पुरावा पुढे आला तो मॅग्नेटोमीटरकडून, म्हणजे एकही फोटो न काढणाऱ्या, नुसते चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाकडून.

गुरूचे चुंबकीय क्षेत्र प्रचंड आहे आणि त्याचा अक्ष गुरूच्या फिरण्याच्या अक्षाशी सुमारे १० अंशांनी कललेला आहे. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती एक फेरी घेतो, त्यामुळे हे कललेले क्षेत्र सतत डुलत असते. युरोपाला ते साधारण ११ तासांच्या चक्रात एकदा एका दिशेने, एकदा उलट दिशेने झुकलेले जाणवते. बदलते क्षेत्र वीजवाहक वस्तूतून गेले की तिच्यात प्रवाह खेळू लागतो. इंडक्शन शेगडी पातेले तापवते ती याच तत्त्वावर. हा प्रवाह मग स्वतःचे, मूळ बदलाला विरोध करणारे क्षेत्र उभे करतो. बर्फ वीज जवळजवळ वाहूच देत नाही. खारे पाणी देते.

गुरूभोवती फिरणाऱ्या गॅलिलिओ यानाला युरोपाजवळ असे जास्तीचे क्षेत्र सापडले खरे, पण शंका उरलीच. युरोपाच्या पोटात पृथ्वीसारखे स्वतःचेच चुंबकत्व असेल तर? ३ जानेवारी २००० रोजी यान युरोपाजवळून गेले, तेव्हा गुरूचे क्षेत्र आधीच्या फेऱ्यांच्या नेमके उलट बाजूला झुकलेले होते. चुंबकत्व कायमचे असते, तर त्याची दिशा आधीसारखीच राहिली असती. ती उलटली. संशोधक मार्गारेट किव्हेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे त्याच वर्षी प्रसिद्ध केले. लोखंडी गाभ्याने हे काम भागत नाही, कारण तो फार खोल आहे आणि असे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. वाहक थर बर्फाच्या लगेच खालीच हवा.

शनीच्या एन्सेलॅडसची गोष्टही मॅग्नेटोमीटरनेच सुरू झाली. जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा हा गोळा. तो कधीच थिजून गेला असणार, असेच कुणालाही वाटावे. २००५ च्या सुरुवातीला कॅसिनी यानाला त्याच्याभोवती शनीचे क्षेत्र वाकलेले दिसले, जणू वाटेत वातावरण आडवे आले होते. मॅग्नेटोमीटरच्या चमूप्रमुख मिशेल डॉहर्टी यांनी आग्रह धरून जुलैची फेरी १७३ किलोमीटरपर्यंत खाली आणवली, आणि दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून वाफ व हिमकण उसळताना सापडले. पुढे त्या कणांत सोडियमचे क्षारही मिळाले, म्हणजे पाणी खडकाला लागून असणार.

तरी कारंजी म्हणजे समुद्र नव्हे. ध्रुवाखाली पाण्याचा एखादा मोठा कप्पा असला तरी ती उडतील. हा प्रश्न सोडवणारा पुरावा मला सगळ्यांत देखणा वाटतो. एन्सेलॅडस शनीकडे कायम एकच तोंड करून फिरतो, पण त्याची कक्षा किंचित लंबगोल असल्याने तो फेरीगणिक थोडा डावी-उजवीकडे हेलकावतो. कॅसिनीच्या अनेक वर्षांच्या फोटोंतल्या त्याच त्याच खुणांच्या जागा संशोधकांनी चिकाटीने मोजल्या. २०१५ मध्ये उत्तर आले: हेलकावा ०.१२ अंशांचा, म्हणजे विषुववृत्तावर जेमतेम अर्धा किलोमीटर. ऐकायला क्षुल्लक, पण बर्फ गाभ्याला चिकटलेला असता तर अख्ख्या गोळ्याला हलवावे लागले असते आणि हेलकावा खूपच लहान झाला असता. याचा अर्थ कवच सगळीकडून सुटे आहे, पाण्यावर तरंगते आहे.

युरोपाबाबत एक गुंता मात्र बाकी आहे. कमी खारा पण खोल समुद्र आणि जास्त खारा पण उथळ समुद्र, दोन्हींचा चुंबकीय प्रतिसाद ११ तासांच्या तालावर जवळपास सारखाच दिसू शकतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले युरोपा क्लिपर २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचेल आणि युरोपाजवळून सुमारे ५० फेऱ्या मारेल. युरोपाच्या प्रदक्षिणेचा साधारण ८५ तासांचा दुसरा, संथ तालही त्याला मोजायचा आहे. संथ बदल वाहक थरात अधिक खोल शिरतो. त्यामुळे दोन्ही तालांचे प्रतिसाद शेजारी ठेवले की खोली आणि खारेपणा वेगवेगळे काढता येतील.