केळापूरहून निघालेली मिठाची रांग

1930 साली गांधीजींनी दांडीला मीठ उचललं. यवतमाळकरांनी कुठून उचलावं? समुद्र शेकडो किलोमीटर लांब! म्हणून लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. त्याच बिनसमुद्राच्या जिल्ह्यात आज किती मीठ रिचतं, मोजू या. जरा सावरून बसा.

राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्याकडचं मोठं माणूस दिवसाला सरासरी 8 ग्रॅम मीठ खातं. वर्षाचं झालं जवळपास 3 किलो. साठ वर्षांचं 175 किलो. म्हणजे पन्नास किलोची साडेतीन पोती, एकट्याच्या पोटात! आता जिल्हा घ्या. 2011च्या जनगणनेत माणसं 27 लाख 72 हजार. पोराबाळांनाही हेच माप लावलं (हिशेब ढोबळच आहे) तर रोजचं मीठ 22 टन. वर्षाचं 8 हजार टनांवर. मालगाडीच्या एका डब्यात 60 टन धरले तरी 135 डबे! त्याच्या किलोकिलोच्या पिशव्या भरा आणि जिल्ह्यातल्याच केळापूरच्या जगदंबेच्या देवळापासून हमरस्त्याने दक्षिणेकडे एकापुढे एक मांडत चला. पिशवी वीतभर धरली तरी हैदराबाद मागे पडेल, बंगळूर मागे पडेल, पिशव्या उरतीलच. मुंबई-पुणे दहा वेळा होईल एवढी रांग!

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, 5 ग्रॅमच्या आत राहा. वरचे 3 ग्रॅम म्हणजे चिमूटभर वाटतात ना? जिल्ह्याचे होतात वर्षाला 3 हजार टन. किलोला 25 रुपये धरा: साडेसात कोटी रुपये, तेही बीपी वाढवण्यासाठी!

आणि हा भार ओढतं कोण? मूठभर हृदय. दिवसाला एक लाख ठोके, 7 हजार लिटर रक्त. साठ वर्षांत पंधरा कोटी लिटर. वीस फूट रुंद, चाळीस फूट खोल अशा चारशेहून जास्त विहिरी उपसल्या म्हणा ना! तेही वाढलेल्या दाबाविरुद्ध.

मग करायचं काय? लोणचं, पापड, खारे शेंगदाणे कमी. डाळी, भाज्या, फळं जास्त. पण खरी गंमत मिठाच्या डब्यातच आहे. चीनमध्ये 600 खेड्यांतल्या जवळपास 21 हजार लोकांवर प्रयोग झाला. त्यांना आधी पक्षाघात होऊन गेलेला, नाहीतर साठी उलटून बीपी वाढलेलं. निम्म्या गावांनी नेहमीचं मीठ खाल्लं, निम्म्यांनी चार चमच्यांतला एक चमचा पोटॅशियम क्लोराइडचा असलेलं. बस, एवढाच फरक! (मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पोटॅशियम वाढवणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा, बीपीची गोळी तर कुणीच आपल्या मनाने सोडायची नाही.) पाचेक वर्षांनी, 2021 साली, निकाल आला. पक्षाघात 14 टक्क्यांनी कमी, मृत्यू 12 टक्क्यांनी कमी. हजार माणसांमागे वर्षाला पक्षाघाताचे साडेचार झटके टळले. हजारात साडेचार, एवढंच? अशी धोक्यातली लाखभर माणसं धरा. वर्षाला साडेचारशे झटके. पाच वर्षांत सव्वादोन हजार!