एक्स्प्लेनर : सिंक अर्ध्यावर तुटलं, तर बॅकअप वाचतो का?

समजा, रिसोड तालुक्यातल्या केनवडमध्ये एका सेवा केंद्राच्या संगणकावर १० जीबीची डेटाबेस फाइल आहे. रोज त्यातल्या मोजक्याच नोंदी बदलतात. तिची प्रत वाशिमच्या संगणकावर आहे आणि रोज संध्याकाळी ती नेटवरून अपडेट होते. वाशिमच्या डिस्कवर मोकळी जागा फक्त ६ जीबी. अशात मध्येच वीज गेली तर?

या कामासाठी 'आरसिंक' हे मोफत सॉफ्टवेअर जगभर वापरलं जातं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६मध्ये आणलं. अख्खी फाइल न पाठवता ते बदललेले तुकडेच पाठवतं, त्यामुळे डेटा वाचतो.

मग जागा का लागते?

आरसिंक एरवी जुन्या फाइलला हात लावत नाही. शेजारी तात्पुरती फाइल बनवतं, त्यात जुने-नवे तुकडे जोडतं आणि शेवटी तिला जुन्या फाइलची जागा देतं. नेट तुटलं तरी जुनी प्रत शाबूत. पण काही वेळ दोन्ही फाइल डिस्कवर मावाव्या लागतात. इथे ६ जीबीत ते शक्य नाही.

'इनप्लेस' पर्याय दिला की बदल थेट जुन्या फाइलवर लिहिले जातात. जागा वाचते, डिस्कवरचं लिखाणही कमी होतं. मात्र काम अर्ध्यात थांबलं तर वाशिमची फाइल ना धड जुनी, ना धड नवी. केनवडची मूळ फाइल असेल तर पुन्हा सिंक करून ती दुरुस्त होते. त्याच वीज-झटक्यात केनवडची डिस्क गेली, तर हाती काहीच उरत नाही. म्हणून एकुलत्या एका बॅकअपवर 'इनप्लेस' वापरू नये; मोठी डिस्क घेतलेली परवडते. दुसरी प्रत वेगळी ठेवली असेल, तर खुशाल वापरा.

फाइलच्या शेवटीच भर पडत असेल, तर 'अपेंड' आहे. पण तो आधीचा मजकूर तपासत नाही, 'अपेंड-व्हेरिफाय' तपासतो.

बॅकअप त्याच संगणकाला जोडलेल्या हार्ड डिस्कवर असेल, तर आरसिंक तुकडे न शोधता पूर्ण फाइलच लिहितं. तिथे 'इनप्लेस'सोबत 'नो-होल-फाइल'ही द्यावं लागतं.

पर्याय कोणताही असो, सिंकआधी डेटाबेसचं सॉफ्टवेअर बंद करा. चालू फाइलची प्रत कोणत्याही पद्धतीत बिघडू शकते.